नुकताच पाहिलेला जुना सिनेमा

जबलपूरच्या मदन महल भागातल्या मराठी घरांत सिनेमावर जे बोलणं चालतं, त्याची घडण पुण्या-मुंबईतल्या बोलण्याहून वेगळी आहे. मराठी माणूस इथे जुना आहे. १८१७ सालापर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात राहिले. कचेऱ्या, रेल्वे, तोफा-दारूगोळ्याचे कारखाने आणि राज्य-पुनर्रचनेनंतर आलेलं उच्च न्यायालय यांच्या आधारानं कितीतरी मराठी कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या टिकली. मराठी सिनेमा मात्र इथे पाहुण्यासारखाच येत राहिला. थिएटरात तो क्वचित लागतो. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवत, त्यात मराठीची पाळी येण्याची वाट पाहावी लागे. मग नागपूरहून येणाऱ्या कॅसेटी, मग सीडी, मग मराठी वाहिन्या आणि आता हातातला फोन. याचा परिणाम असा की मदन महल या गोंड राजांच्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या या प्रेक्षकाला मराठी सिनेमा काळाच्या क्रमानं भेटतच नाही. एकाच आठवड्यात तो १९३६चा ‘संत तुकाराम’ पाहतो आणि २०१६चा ‘सैराट’ही. दोन्ही त्याच्यासाठी सारखेच ताजे असतात.

ही अडचण आहे खरी, पण सिनेमाबद्दल बोलण्याची एक योग्य रीतही तिच्यातून सापडते, असं माझं म्हणणं आहे. चित्रपट जुना की नवा, याला आपण फार महत्त्व देतो. पाहणं जुनं की नवं, हे मात्र कोणी विचारत नाही. तीस वर्षांपूर्वी पाहिलेल्या चित्रपटावर ठामपणे बोलणारा माणूस आणि ट्रेलर पाहून नव्या चित्रपटावर बोलणारा माणूस, हे दोघंही समोर नसलेल्या गोष्टीवर बोलत असतात. गप्पांतलं सहज मत कितीही हलकंफुलकं असो, त्याच्याकडून एकच अपेक्षा रास्त आहे: ते अलीकडच्या पाहण्यातून आलेलं असावं.

गप्पांतल्या मताला एवढं महत्त्व कशाला, असं कोणी म्हणेल. या मतांमध्ये किती ताकद असते, ते ‘शोले’नं दाखवून दिलेलं आहे. १५ ऑगस्ट १९७५ला तो प्रदर्शित झाला तेव्हा परीक्षणं बरी नव्हती. पहिल्या दिवसांत धंद्यातल्या लोकांनी तो पडला असंच धरलं होतं, शेवट बदलावा का यावरही चर्चा झाली. त्याला तारलं ते थिएटरातून बाहेर पडलेल्या लोकांच्या बोलण्यानं, आणि मग मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. ‘तुंबाड’ची गोष्ट अलीकडची. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट कोकणातल्या मराठी वाड्यात घडतो. २०१८ साली त्याला बेताचा प्रतिसाद मिळाला. पण पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांना सांगणं सहा वर्षं चालूच ठेवलं आणि सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा त्यानं पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. दोन्ही वेळा समीक्षकांचा निकाल किंवा जाहिरातींचा खर्च निर्णायक ठरला नाही. माणसं एकमेकांना काय सांगतात, त्यावर चित्रपटाचं आयुष्य ठरलं. ज्या बोलण्यात एवढं बळ आहे, ते निदान पाहून बोलावं, एवढीच मागणी आहे.

आता जुन्या सिनेमाच्या मोठेपणाकडे वळू. “तेव्हाचे सिनेमे काय होते!” हे वाक्य मराठी घरात कुठल्याही सणाच्या जेवणानंतर ऐकू येतं. त्यावरचं नेहमीचं उत्तर असं, की काळाच्या चाळणीतून चांगलं तेवढं उरतं, वाईट गळून पडतं, म्हणून जुनं सगळं चांगलं वाटतं. मला हे उत्तर अर्धंच पटतं, कारण या चाळणीला गुणाची पारख कधीच नव्हती. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यातले हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच धड उरले, बाकी तुकड्यांत किंवा अजिबात नाहीत. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून आज जे पाहायला मिळतं, ती चारपैकी दोनच रिळं आहेत. १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या ‘आलम आरा’साठी एवढी गर्दी लोटली की पोलिसांना यावं लागलं, आणि आज त्या चित्रपटाची एकही प्रत हाती नाही. नायट्रेटची फिल्म पेट घेते, दमट हवेत चिकटते, विरते. चांदी काढण्यासाठीही जुनी रिळं विकली गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं ते १९६४ साली, तोवर पुष्कळ काही गेलं होतं. तिथे पी. के. नायर यांनी जे गोळा केलं ते मिळेल तिथून आणि पदरमोड केल्यासारख्या कष्टानं. तेव्हा आपण ज्याला जुना सुवर्णकाळ म्हणतो, तो आगीतून, कोठारातून आणि भंगारवाल्याच्या तराजूतून योगायोगानं निसटलेला भाग आहे. त्यातही पुढे दूरदर्शननं किंवा वाहिन्यांनी जे वारंवार दाखवलं, तेच आपल्याला जुनं म्हणून माहीत आहे. या शिल्लक भागावरून एका अख्ख्या काळाला वर चढवणं आणि चालू वर्षाच्या सगळ्याच्या सगळ्या चित्रपटांना त्यापुढे उभं करणं, ही तुलना मुळातच चुकीची आहे.

म्हणून उरलेल्या चित्रपटांकडे पुन्हा पाहायला हवं, आणि पाहिलं की काय होतं ते ‘संत तुकाराम’मध्ये दिसतं. ज्यांनी तो फार पूर्वी पाहिला, त्यांच्या आठवणीत विष्णुपंत पागनीस यांचा तल्लीन चेहरा असतो, वर जाणारं विमान असतं, भक्ती असते. आज पाहताना डोळा खिळतो तो गौरी यांच्या जिजाईवर. घरात दाणा नाही, पोर आजारी आहे आणि नवरा विठ्ठलाच्या नादात आहे, तेव्हा ही बाई हातात चप्पल घेऊन देवाच्या दारात जाब विचारायला जाते. दामले आणि फत्तेलाल यांनी तिला कुठेही खाष्ट बायको म्हणून उडवून लावलेलं नाही. तिची भूक, तिचं प्रेम आणि तिचा राग यांना चित्रपट तुकोबांच्या भक्तीइतकंच वजन देतो. संताचं मोठेपण दाखवताना त्याची किंमत घरात कोण मोजतं हे इतक्या सरळ दाखवणारा दुसरा संतपट मला ठाऊक नाही. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाची दखल घेतली गेली, ती चमत्कारांच्या दृश्यांमुळेच असेल असं मला वाटत नाही. भक्तिपट म्हणून ज्याची पूजा होते, तो पुन्हा पाहिल्यावर संसाराचाही चित्रपट निघतो. हे आठवणीतून कळत नाही.

‘कुंकू’चं तर याहून आश्चर्य वाटतं. व्ही. शांताराम यांचा हा १९३७चा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्या लग्नाला शरीरानं आणि मनानं नकार देते. शांता आपटे यांनी ती केली आहे आणि केशवराव दाते यांनी काकासाहेब. शांतारामांनी पार्श्वसंगीत टाळलं आहे. घड्याळ, पावलं, रस्त्यावरचे आवाज यांवरच सगळा ताण उभा राहतो, आणि आजच्या कानांना ती शांतता अंगावर येते. जुन्या सिनेमात अभिनय भडक असायचा, स्त्रिया सोशिक असायच्या, असं ज्यांचं सरसकट मत आहे, त्यांनी सावत्र मुलाला छडीनं बडवणारी नीरा एकदा पाहावी. पण पाहावी म्हणजे मोकळ्या मनानं पाहावी, कारण चित्रपटाचा शेवट मला तितकासा पचत नाही. काकासाहेब स्वतःला संपवून नीराला मोकळं करतात. म्हणजे इतका वेळ जी बाई स्वतःच्या बळावर लढली, तिची सुटका अखेर पुरुषाच्या उदारपणातून होते. १९३७ साली याहून पुढे जाणं शक्य नव्हतं, असं म्हणता येईल. तरी त्याच चित्रपटात शकुंतला परांजपे यांनी केलेली काकासाहेबांची शिकलेली मुलगी बापाला तोंडावर सुनावते, तेव्हा त्या काळाला हे प्रश्न कळत नव्हते असं म्हणायला जागा उरत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: जुन्या चित्रपटांना आजची मापं लावू नका. यात थोडं तथ्य आहे. १९३७च्या कॅमेऱ्याकडून आजच्या हालचाली मागणं बालिशपणाचं ठरेल. पण विचारांच्या बाबतीत हा आक्षेप जुन्या माणसांचाच अपमान करतो. जणू त्यांच्यात मतभेद नव्हते, सगळा समाज एकाच सुरात बोलत होता. ‘कुंकू’ त्या काळातल्याच वादातून निघाला. आज पाहून आपण त्या वादात एक माणूस वाढवतो, त्यात कोणाला शिक्षा करण्याचा प्रश्न येत नाही.

गंभीर चित्रपटच पुन्हा पाहावेत असंही नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मराठी घरांत तोंडपाठ आहे, जबलपूरच्याही. इतका पाठ की आता तो कोणी पाहत नाही, त्यातले संवाद तेवढे म्हणतात. तो सलग पाहिला तर लक्षात येतं की हसण्याच्या खाली घराची टंचाई हा अतिशय खरा प्रश्न सतत चालू आहे. चार तरुण पुरुषांना खोली मिळत नाही म्हणून दोघांना बायकांची सोंगं घ्यावी लागतात, इथे सगळं सुरू होतं. मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६)मधली असली, तरी अशोक सराफ यांच्या धनंजय मानेची तारांबळ शहरात भाड्यानं राहिलेल्या प्रत्येकाला आपली वाटते. खोटं सांभाळण्यासाठी आणखी खोटं रचत जाण्याची ती यंत्रणा किती नेटकी आहे, हे सुट्या विनोदांवरून समजत नाही.

जबलपूरचा स्वतःचा म्हणावा असा सिनेमाही फार ओळखीचा झाल्यानं नीट पाहिला जात नाही. शहराला या बाबतीत अभिमानाची कारणं कमी नाहीत. जया भादुरी यांचा जन्म इथला, प्रेमनाथ इथले, आणि इथली एम्पायर टॉकीज त्यांनी विकत घेतलेली. प्रेमनाथ यांच्या मेहुण्यांचा म्हणजे राज कपूर यांचा ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०) शहरात आजही भेडाघाटचा सिनेमा म्हणून ओळखला जातो. संगमरवरी कड्यांमधून वाहणारी नर्मदा, नाव आणि गाणं, एवढंच त्यातलं उरलं आहे. चित्रपट मात्र दरोडेखोरांच्या शरणागतीबद्दल आहे, आणि तोही अशा वर्षी आला की विनोबा चंबळच्या खोऱ्यात फिरत होते आणि काही डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली होती. राधू कर्माकार हे मूळचे छायाचित्रकार, पण इथे ते दिग्दर्शक आहेत. शरणागतीचा शेवट मला भाबडा वाटतो. प्राण यांचा डाकू राका त्या भाबडेपणाशी ज्या रीतीनं झगडतो, ते मात्र अजूनही पाहण्यासारखं आहे. २०१६ साली आशुतोष गोवारीकरांच्या ‘मोहेंजो दारो’मध्ये नायक याच कड्यांत मगरीशी लढला, तेव्हाही शहरातलं बोलणं ‘ही जागा आपली’ यापुढे फारसं गेलं नाही. जागा ओळखीची निघाली की मन सुखावतं आणि पाहणं तिथेच थांबतं. मराठी माणसाचं मराठी सिनेमाबाबत असंच होतं. घरापासून दूर भाषा ऐकू आली, एवढ्यावरच तो चित्रपट चांगला ठरतो. ही माया मला समजते, पण चित्रपटाला ती न्याय देत नाही. दुबळा मराठी चित्रपट आपला म्हणून खपवून घेतला, तर चांगल्या मराठी चित्रपटाला वेगळं काय देणार?

सगळ्यात वजनदार आक्षेप आठवणीच्या बाजूनं येतो. माणूस चित्रपट पाहतो तेव्हा तो एकटा चित्रपट नसतो. सोबतची माणसं, ते वय, ते थिएटर सगळंच त्यात मिसळलेलं असतं. पुन्हा पाहून ते मोडायचं कशाला? मराठीत या आठवणीचं अत्यंत देखणं लेखन झालेलं आहे. शिरीष कणेकरांनी ‘यादों की बारात’मध्ये आणि रंगमंचावरच्या ‘फिल्लमबाजी’मध्ये कट्ट्यावरच्या सिनेगप्पांना एका वाङ्मयप्रकाराची प्रतिष्ठा दिली. त्यांचं प्रेम आणि त्यांचा पक्षपात दोन्ही उघडे होते, आणि म्हणूनच ते लेखन खरं वाटतं. वाचकाला कळतं की इथे दिलीपकुमारबरोबरच दिलीपकुमारवर जीव लावणाऱ्या एका पिढीचीही गोष्ट सांगितली जाते आहे. हे आत्मचरित्र आहे, आणि त्याचा मान आत्मचरित्राचा. घोटाळा होतो तो आत्मचरित्राला निकालपत्र समजलं की. वडिलांनी आपल्या तरुणपणीचा चित्रपट मुलीला दाखवावा आणि तिनं अर्ध्यातून उठून जावं, यावर वडील दुखावतात, कारण तिनं चित्रपट नाकारला असं न वाटता त्यांचं तरुणपण नाकारलं असं त्यांना वाटतं. “मी पाहिला त्याला पुष्कळ वर्षं झाली, चल, दोघं मिळून पाहू” एवढं म्हटलं तर दोघांचीही सोय होते. आणि उठून जाणाऱ्या मुलीनंही मत द्यायचं तर शेवटपर्यंत बसायला हवं.

कारण नव्या सिनेमाच्या बाबतीत उतावळेपणाचा दोष तितकाच आहे. ‘सैराट’ आला तेव्हा पहिला भाग झकास आणि दुसरा रटाळ, असं फार ऐकू आलं. गाणी, विहीर, ट्रॅक्टर यांच्या धुंदीतून हैदराबादच्या झोपडपट्टीत येऊन पडल्यावर प्रेक्षकांना कंटाळा आला. दुसऱ्यांदा पाहिलं की तो कंटाळा मुद्दाम आखलेला आहे हे कळतं. पळून जाणाऱ्यांचं प्रेम सिनेमात जिथे संपतं, तिथून नागराज मंजुळे यांनी भाडं, भांडी आणि संशय यांचा हिशोब सुरू केला. पहिल्या भागातल्या हसण्यातही जात सतत हजर आहे. प्राध्यापकाच्या थोबाडीत मारणारा पाटलांचा पोरगा सगळ्यांना दिसतो, पण पहिल्या खेपेला आपण तो गाण्यांच्या नादात सोडून देतो. २०१८ साली ‘धडक’नं हीच कथा हिंदीत आणली आणि जातीची धार बोथट केली. त्याबरोबर मूळ चित्रपट कशावर उभा होता, ते आणखी स्पष्ट झालं. पहिल्या शुक्रवारच्या मतानं एवढं सगळं कसं पकडावं?

छोट्या पडद्याची अडचण मात्र खरी आहे आणि तिला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा दूर, स्थिर राहतो. न्यायालयाच्या खोलीत कोपऱ्यातला माणूस काय करतो आहे, हे पाहण्याचा वेळ आणि जागा दिग्दर्शकानं प्रेक्षकाला दिली आहे. नागपूरच्या चळवळीत आयुष्य घालवलेले वीरा साथीदार त्यात लोकशाहीर नारायण कांबळे झाले आहेत, आणि त्यांचं गाणं चालू असताना समोर बसलेली वस्ती तितकीच महत्त्वाची आहे. फोनवर ती वस्ती ठिपक्यांएवढी होते, आणि पाहणारा म्हणतो, काही घडतच नाही. मदन महलमधल्या प्रेक्षकाला हा चित्रपट थिएटरात मिळणार नसेल, तर त्याच्या कंटाळ्याचा दोष त्याला देता येत नाही. पण यावर उपाय अगदीच अशक्य नाहीत. मुंबईच्या प्रभात चित्र मंडळानं १९६८पासून जे केलं, ते गणेशोत्सवात मंडप घालणाऱ्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळाला करता येईल: एक मोठा पडदा, बरा आवाज, परवानगी घेऊन आणलेला चित्रपट आणि नंतर तासभर बोलणं. वर्षातून चार संध्याकाळी एवढं झालं, तरी घरोघरी फोनवर एकेकट्यानं पाहिलेल्या चाळीस चित्रपटांपेक्षा ते जास्त शिकवेल.

अशा एखाद्या संध्याकाळी जुना आणि नवा चित्रपट एकापाठोपाठ दाखवायचा, तर मी ‘उंबरठा’ आणि ‘साबर बोंडं’ निवडेन. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ (१९८२) हिंदीतही ‘सुबह’ म्हणून निघाला होता. तेव्हा वाद झाला तो सुलभा महाजन मुलीला मागे ठेवून नोकरीला जाते यावर, आई असं करू शकते का यावर. आज स्मिता पाटील यांची सुलभा पाहताना तो प्रश्न मला जवळजवळ मिटलेला वाटतो. महिलाश्रमाच्या समितीतला आतला भ्रष्टाचार जास्त टोचतो. आणि एक जागा अशी आहे की जिथे मी अडखळतो. आश्रमातल्या दोन स्त्रियांचं एकमेकींवर मन जडलेलं आढळतं, आणि इतर प्रत्येक बाबतीत नियमांपलीकडे माणूस पाहणारी सुलभा ते उपचार करण्याजोगं दुखणं समजते. समितीला त्यांना हाकलायचं आहे, सुलभाला बरं करायचं आहे. त्या दोघींना काय हवं, हे चित्रपट विचारत नाही. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांच्यातलं प्रेम त्यात कुठल्याही खुलाशाशिवाय उभं राहतं, आणि आनंदच्या आईला ते ठाऊक आहे, त्याचं तिला ओझं नाही. दोन चित्रपटांत त्रेचाळीस वर्षांचं अंतर आहे. नवा पाहिल्यावर ‘उंबरठा’ लहान होतो असं मला वाटत नाही. सुलभा माझ्या नजरेत अजून तितकीच मोठी आहे. पण त्या दोन स्त्रियांचा प्रसंग आता सुटा उरत नाही, आणि त्यांचे चेहरे पडद्यावर किती थोडा वेळ दिसतात, हे मला पहिल्यांदाच जाणवलं.